फिरेल, पण निखळणार नाही!

माझ्या भाचीच्या बारशाला मी तिच्या तोंडाकडे एकदाही धड पाहिलं नाही. सबंध कार्यक्रमभर मी वर बघत होते. फोटोंमध्ये सगळे पाळण्याकडे बघून हसतायत आणि एक बाई मान वर करून, डोळे फाडून, मनातल्या मनात देवाचा धावा करतेय. ती मी. नात्याने आत्या.

आधी हे सांगायला हवं की मी पाऊचच्या कंपनीत नोकरीला आहे. हँडवॉशचे, शॅम्पूचे ते मऊ पाऊच असतात ना, कोपऱ्यात प्लास्टिकचं नरडं आणि त्यावर बूच असलेले, ते आमच्याकडे बनतात. मी तिथे डिस्पॅचला बसते. म्हणजे पाऊच बनवण्यात माझा हात शून्य! पण आयुष्यभर पाऊचच ट्रकवर चढवत राहिलं की आपल्याला त्यातलं सगळं कळतं असं वाटायला लागतं. मला तर जरा जास्तच वाटतं. छपाई फसलेला टाकाऊ माल मी पिशव्या भरभरून घरी आणते आणि त्याची पाकिटं, आसनं, डब्याच्या पिशव्या असं काहीबाही करते. (घरातले ते माझ्यासमोर वापरतात. माझ्या मागे त्याचं काय होतं, हे विचारायची हिंमत मी केलेली नाही.)

घर भांडुपला. मी, आई, दादा आणि वहिनी. आणि त्या वर्षी आमच्यात पाचवी आली, तीही घाईघाईत, दिवस भरायच्या आधीच. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती. इतकी इवलीशी की तिच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटावी. पुढे तिने छान बाळसं धरलं, वहिनी तिला घेऊन माहेराहून घरी आली, लांबलेलं बारसं ठरलं. पण आमची धास्ती काही गेली नव्हती. पोर शिंकली तरी चौघं धावायचो. दाराची बेल जोरात वाजली म्हणून दादाने बेलच काढून ठेवली होती. (त्यामुळे कुरिअरवाला बाहेरून दार बडवायचा आणि ती दचकून रडायची, तो भाग वेगळा.)

शिवाय एक गोष्ट प्रत्येकाला आतून कुरतडत होती. ती हसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलेली बाळं हसतातही उशिरा. वाट बघा." आम्ही बघत होतो. दादाने तोंडं वेडीवाकडी करून पाहिली. आईने मालवणीत गाणी म्हणून पाहिली. मी कुत्रा, मांजर आणि प्रेशर कुकर, तिन्हींचे आवाज काढले. ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी गंभीरपणे ऐकून घ्यायची आणि मान वळवायची.

तेव्हा मला कल्पना सुचली. चिमणाळं! पाळण्यावर टांगतात ते, गोल फिरणाऱ्या चिमण्यांचं. चकचकीत पाऊचच्या रंगीत चिमण्या करायच्या, पंख्याच्या वाऱ्यावर त्या गरागरा फिरणार आणि पोर हसणार. आत्याच्या हाताने पहिलं हसू! माझे तर डोळेच भरून आले.

प्रश्न फक्त जोडाचा होता. चिमण्या गोल फिरल्या पाहिजेत, पण कुठूनही सुटता कामा नयेत. दोऱ्याने बांधल्या तर दोराच पिळला जातो. टिचबटण लावलं तर फिरतं खरं, पण जरा ओढलं की टिच् करून उघडतं. मी डोकं खाजवत बसले होते आणि हातात हँडवॉशचा पाऊच होता. त्याचं बूच काढलं आणि मला साक्षात्कार झाला! बूच पहिल्यांदा उघडलं की त्याच्या खालची बारीक कडी तुटून नरड्याभोवतीच राहते, पाहिलंय कधी? ती कडी गरागरा फिरते, पण वरही निघत नाही आणि खालीही निघत नाही. वर आट्यांचा काठ, खाली चकतीचा काठ, मध्ये ती कायमची अडकलेली. मी ते नरडं कापून काढलं, दोरा त्याच्या भोकातून ओवून खाली दणकट गाठ मारली, कडीला पाऊच घट्ट गुंडाळून केलेल्या चार दांड्या बांधल्या आणि दांड्यांना चिमण्या. फुंकर मारली. फिरलं! जोरात ओढलं. निघालं नाही! मग कडीला कांद्याची अख्खी पिशवी टांगली. कांदे फिरले, पण खाली आले नाहीत.

"झकास!" दादा म्हणाला.

आई लांबूनच बघत होती. "गो, ह्यां चेडवाच्या डोक्यार पडाचां नाय मां?"

"आई, फिरेल, पण निखळणार नाही!"

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की शेजारच्यांनाही पाठ झालं असावं.

बारशाच्या चार दिवस आधी बोरिवलीच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे वहिनीची आई. बोलायला गोड, पण त्यांच्या गोड बोलण्याला कुणी आजवर नाही म्हटलेलं नाही. त्यांनी पिशवीतून एक खोका काढला, खोक्यातून मऊ कापड, आणि कापडातून सावंतवाडीचं लाकडी चिमणाळं. लाल-पिवळ्या चिमण्या, मध्ये हिरवा पोपट. इतकं देखणं की मी माझ्या चिमण्या हळूच मागे सरकवल्या.

"आमच्या घरात सगळी मुलं याच्याखाली वाढली," मावशी म्हणाल्या. "हेच लावू या, हो ना?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. दादा चहाच्या कपात बघायला लागला. आणि मी आयुष्यातला सगळ्यात घातकी प्रश्न विचारला.

"सुंदरच आहे हो मावशी. पण पडलं तर?"

"पडेल कशाला?"

"नाही, पडणार नाहीच. पण समजा पडलं तर? लाकूड आहे. आमची पोर एवढीशी."

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी पोपटाला अंगठ्याने दाबून पाहिलं. पोपट टणक होता.

"आणि तुमचं नाही का पडायचं?"

"माझं? मावशी, ते फिरेल, पण मेलं तरी निखळणार नाही!"

"शुभ बोल गो!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

पण काम झालं होतं. लाकडी चिमणाळं परत कापडात, कापड खोक्यात, खोका कपाटावर. माझं चिमणाळं पाळण्याच्या वरच्या दांडीला लागलं. मी जिंकले होते. त्या दुपारी मी दोन वाट्या जास्तीचा भात खाल्ला.

संध्याकाळी दादा पाळण्यापाशी उभा राहून कौतुकाने वर बघत होता. "नंदे, मस्त झालंय यार. खरंच." आणि मग अगदी सहज म्हणाला, "पण पडलं तर?"

झालं! माझाच प्रश्न माझ्या घरी मुक्कामाला आला.

खरं म्हणजे सबंध चिमणाळ्याचं वजन एका बेसनाच्या लाडवाएवढं होतं. पण काचेच्या पेटीतून आलेल्या पोरीच्या डोक्यावर लाडू तरी कोण पाडील? मी खुर्चीवर चढले, गाठ ओढून पाहिली. घट्ट होती. इतकी घट्ट का होती? दोरा काचला तर? दोरा बदलला. मग दांडीचीच शंका आली. दांडीला लोंबकळून पाहिलं तर पाळणा एका बाजूला कलंडला आणि वहिनी किंचाळली. (पोर तेव्हा आईच्या मांडीवर होती. तरीही आईने मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुपरवायझर साहेबांना गाठलं. "साहेब, नरड्यावरची कडी आपोआप कधी निघते का हो?"

"छे! कापल्याशिवाय नाही निघत."

"नक्की?"

"नक्की. आता ऊन लागून प्लास्टिकच तडकलं, तर कुणी काय सांगावं."

त्यातलं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. आमचा पाळणा खिडकीपाशी! घरी पोचले आणि सगळे पडदे ओढले. भर दुपारी दिवे लावून बसलेलं आमचं घर बघून समोरच्या काकू विचारायला आल्या, "कुणाचं काही झालं का?"

आता कुणीही म्हणेल, एवढी भीती वाटते तर काढून टाकायचं. काढलं असतं हो! पण काढलं तर मावशींना काय सांगणार? तुमच्या पोपटाला मी नावं ठेवली आणि माझ्याच चिमण्यांना घाबरले? पोर पाळण्यात, मी पाळण्याशेजारी. ती झोपली की मी हात पसरून तिच्या वर धरायची. हात भरून आले की दुसरे हात कुठून आणणार? आणि ती अजूनही हसत नव्हती. वर फिरणाऱ्या चिमण्यांकडे ती तशीच सेक्रेटरीच्या चेहऱ्याने बघायची. माझी भीती फुकट चालली होती.

बारशाच्या सकाळी मी शेवटचा उपाय केला. आईने झबल्या-चड्ड्यांसाठी पांढरं इलॅस्टिक आणून ठेवलं होतं. त्याचा लांब तुकडा कापला, एक टोक चिमणाळ्याच्या दांडीला बांधलं, दुसरं पाळण्याच्या दांडीला. म्हणजे जोड निखळलाच, तरी चिमणाळं अधांतरी लटकेल, पोरीवर पडणार नाही. कुणाला काही सांगितलं नाही. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि तयार व्हायला गेले.

तयारीतली एक गोष्ट सांगणं भाग आहे. माझे केस हल्ली फार विरळ झालेत. आत्याचा मान मोठा, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. म्हणून मी मुलुंडच्या एका दुकानातून गंगावन आणलं होतं, लांबसडक, काळंभोर. त्याचा भरघोस अंबाडा घातला, आकडे खोचले, वर मोगऱ्याचा गजरा. घरात कुणालाच पत्ता नव्हता. मावशी तर म्हणाल्या, "नंदाताई, केस किती छान आहेत हो तुमचे!" मी लाजून म्हटलं, "आईकडून आलेत." (आईने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती विचारात पडली.)

पाहुणे आले. हॉल भरला. उकाडा इतका की कुणीतरी पंखा पाचावर केला. चिमण्या सुसाट निघाल्या! सगळे वाहवा करायला लागले. मावशीसुद्धा म्हणाल्या, "फिरतं हो छान!" मी मात्र वर बघत होते, आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. चिमण्यांचा वेग कमी होत होता. पंखा पाचावर, आणि चिमण्या चालल्यासारख्या. मग रांगल्यासारख्या. मग थांबल्याच. नुसत्या थरथरत होत्या.

"थांबलं काय गं?" कुणीतरी म्हणालं.

मी टाचा उंचावून पाहिलं. माझं इलॅस्टिक! चिमणाळं जितकं फिरलं तितकं इलॅस्टिक मधल्या दोऱ्याभोवती गुंडाळलं गेलं होतं, ताणून ताणून, पीळ भरून. आता वारा चिमण्यांना पुढे रेटत होता आणि इलॅस्टिक मागे खेचत होतं. जोवर पंखा जोरात आहे तोवर ते तसंच थांबणार. आणि पंखा बंद केला तर...

"पंखा बंद करा रे!" आई म्हणाली. "निरांजन विझतला!"

"नको!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे... उकडेल ना."

"दोन मिनिटं उकडलं तर काय होतं?" दादाने खटका बंद केला.

बायकांनी पटापट बाळाला ओवाळलं. पंखा हळूहळू मंदावत होता. माझी नजर वर खिळलेली. "चला आत्याबाई!" कुणीतरी मला पुढे ढकललं. "नाव सांगा कानात!"

मागे आठ-दहा बायका पदर खोचून, हात उगारून तयार. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की मागून सगळ्यांनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमच्याकडची आवडती पद्धत. आत्याविषयीचं मनातलं सगळं त्या एका क्षणात वसूल करतात.

मी वाकले. पोर टक्क डोळ्यांनी वर बघत होती. मी तिच्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं, आणि त्याच क्षणी डोक्यावर सर्रर्र असा आवाज सुरू झाला.

पीळ सुटला होता!

चिमण्या उलट्या दिशेने अशा सुटल्या की त्यांचे रंगसुद्धा दिसेनात. माझ्या तोंडात 'अन्वी' हे नाव तयार होतं. ते घशातच राहिलं. मी तिच्या कानात जे कुजबुजले ते असं: "हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

"सांगितलं, सांगितलं! घाला!"

कुर्रर्रर्र! दणादण धपाटे सुरू झाले. पहिल्याच दणक्याला माझं डोकं वर उसळलं आणि फिरत्या चिमणीच्या शेपटीत माझा गजरा अडकला. डोकं मागे खेचलं गेलं. माझी खात्री पटली की मी जरा जरी हिसका दिला तरी सगळं तुटून थेट पोरीवर येणार. म्हणून मी पाळण्याच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि तिच्यावर ओणवी झाले, छपरासारखी. काय पडायचं ते माझ्या पाठीवर पडू दे!

पाठीवर धपाटेच पडत होते.

"थांबा! अगं थांबा! पडेल ते!"

"आत्या नाटकं करते बघ!" मागून हशा, आणि आणखी धपाटे.

"दादा! आधी बाळाला काढ रे! बाळाला काढ!"

"कसं काढू? तूच आडवी आलीयस!"

पाळणा झुलायला लागला. मीही झुलायला लागले. वरून माझं डोकं ओढलं जातंय, मागून पाठ बडवली जातेय, खाली ती एवढीशी पोर. गंमत सांगत नाही, खरंच सांगते, इतकी घाबरले होते की माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन तिच्या दुपट्यावर पडत होतं. आणि तेवढ्यात वर खाट् असा आवाज झाला.

डोक्यावरचा ताण एकदम गेला. निखळलं! मी डोळे गच्च मिटले आणि ते पाठीवर आदळायची वाट बघत राहिले.

काहीच आदळलं नाही. धपाटे थांबले. कुर्रर्र थांबलं. सबंध हॉल चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत माझ्या नाकाखालून एक आवाज आला, जो आम्ही घरात कधीच ऐकला नव्हता. आधी उचकीसारखा. मग खळखळून.

मी डोळे उघडले. पोर हसत होती! बोळकं उघडून, हातपाय झाडत, अख्ख्या अंगाने हसत होती. माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यावरून वर बघून.

मी वर पाहिलं. चिमणाळं फिरत होतं. कडी जागच्या जागी, गाठ जागच्या जागी, एक चिमणीसुद्धा सुटलेली नव्हती. आणि त्या चिमण्यांबरोबर, गजऱ्यासकट, आकड्यांसकट, माझं लांबसडक, काळंभोर गंगावन हॉलभर झोके घेत होतं.

"नंदे," आई धास्तावलेल्या आवाजात म्हणाली, "तुझे केस रे देवा!"

वहिनी पाळण्याशी येऊन रडत होती आणि हसत होती. दादा तर सरळ खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. मावशींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग वरच्या केसांकडे पाहिलं, पदराचं टोक ओठांवर दाबलं आणि म्हणाल्या, "नंदाताई, तुमचं खरं हो. चिमणाळं नाही निखळलं."

मग मी, डोक्यावर उरलेल्या केसांची सुपारीएवढी गाठ घेऊन, पुन्हा वाकले आणि पोरीच्या कानात तिचं नाव सांगितलं. तिने ऐकलं की नाही, देव जाणे. ती अजून वरच बघत होती.

इलॅस्टिक त्याच दुपारी कापून टाकलं. गंगावनही काढून ठेवलं, तर अन्वीचा चेहरा पुन्हा सेक्रेटरीसारखा. चिमण्या दाखवल्या, ढिम्म. कपाटावरचा खोका काढून मावशींचं लाकडी चिमणाळं लावलं, पोपट नाचवला, तरी ढिम्म. शेवटी वहिनीने चाचरत विचारलं, "वन्सं, ते जरा... पुन्हा टांगाल का?" टांगलं. पोर खळखळून हसली. तेव्हापासून ते धुऊन, विंचरून, रिबीन बांधून कायमचं कडीला लावलेलं आहे. फिरतं आणि निखळत नाही.

मी मागच्या आठवड्यात मुलुंडच्या दुकानात नवीन आणायला गेले. दुकानातल्या बाईने एक झुपकेदार गंगावन माझ्यासमोर ठेवलं आणि ऐटीत म्हणाली, "ताई, हे घ्या. याची पकड बघा. काही झालं तरी निखळणार नाही."

मी म्हटलं, "बाई, निखळणारंच द्या. आमचं बाळ त्यालाच हसतं."